केस प्रत्यारोपण: सरकारी दवाखान्यात होतं का, खासगीत काय विचारायचं? (फक्त तपशील)

खल्वाट (धागाकर्ता)
नमनाला घडाभर तेल नको, डोक्यावर तसंही लावायला जागा राहिलेली नाही. हेअर ट्रान्सप्लांटवरच्या बहुतेक चर्चा 'मला चांगला अनुभव आला' आणि 'मला फसवलं' या दोन टोकांमध्ये संपतात. इथे तसं नको. या कामातली माहिती असलेल्यांनी फक्त तपशील लिहावा: सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेत हे कुणाला मिळतं, कुणाला नाही आणि का, खासगीत टेबलावर झोपण्याआधी काय तपासायचं, बिघडतं कुठे. दर, दवाखान्यांची नावं आणि स्वतःच्या डोक्याचे फोटो टाकू नयेत ही विनंती.

फाइलवाला
सरकारी बाजू मी लिहितो. कळीचा मुद्दा एकच आहे, टक्कल कशामुळे पडलं. पुरुषी टक्कल, म्हणजे आनुवंशिकता आणि हॉर्मोनमुळे हळूहळू विरळ होणारं, जवळजवळ सगळीकडे 'सौंदर्योपचार' या रकान्यात पडतं. तो रकाना सार्वजनिक पैशातून भरला जात नाही. ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा, एनएचएस, ही शस्त्रक्रिया देत नाही, कारण तेच. खासगी आरोग्य विमाही साधारण याच शब्दाखाली नकार देतो.

दुसरा रकाना 'पुनर्रचना'. भाजल्याचा व्रण, अपघातात सोलली गेलेली टाळू, मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतर किंवा रेडिएशननंतर उरलेली केसविरहित पट्टी, भाजून गेलेली भुवई, दुभंगलेल्या ओठाच्या शस्त्रक्रियेनंतर मिशीत राहिलेली फट. इथे दार किलकिलं असतं. मंजुरी मिळेलच असं नाही, पण अर्ज विचारात घेतला जातो.

फाइल अडते ती पहिल्याच कागदावर. केसपेपरवर नुसतं 'टक्कल' किंवा 'केसगळती' लिहिलं की पुढच्या टेबलावरचा माणूस ती फाइल सौंदर्याच्या गठ्ठ्यात टाकतो. खरं कारण व्रण असेल तर निदान पूर्ण लिहून घ्या: 'भाजल्यानंतरचा व्रण, डाव्या कानशिलावर, अमुक बाय अमुक सेंमी, इतके महिने स्थिर'. सोबत मूळ उपचाराचं डिस्चार्ज कार्ड, अपघात असेल तर वैद्यकीय-कायदेशीर नोंद, मोजपट्टी शेजारी धरून काढलेले फोटो, आधी काय उपचार झाले त्याची यादी आणि शल्यचिकित्सकाच्या अंदाजाने किती बैठका लागतील ते. मानसिक त्रास ठळक असेल तर मानसोपचार विभागाचं टिपणही जोडा. हे सगळं असूनही नकार आला तर 'विशेष बाब' म्हणून फेरविचाराचा अर्ज करता येतो का ते विचारा. पुष्कळ ठिकाणी तशी सोय असते आणि ती कुणी आपणहून सांगत नाही.

खल्वाट
आणि शिकाऊ डॉक्टरांच्या रुग्णालयांत? तिथे साधं टक्कलही घेतात असं ऐकून आहे.

फाइलवाला
काही वैद्यकीय महाविद्यालयांत त्वचारोग किंवा प्लास्टिक सर्जरी विभागात शिकवण्यासाठी म्हणून केसेस घेतात. तिथे जाताना तीन गोष्टी माहीत असाव्यात. एका बैठकीत ग्राफ्ट (मुळासकट उचललेले केसांचे छोटे गुच्छ) कमी बसतात, बरेचदा काही शेकडाच. म्हणजे जे काम खासगीत एका दिवसात उरकतं त्याला दोन-तीन फेऱ्या. हात शिकाऊ असतो, वर ज्येष्ठ उभा असतो. तो खरंच उभा असतो की नुसता यादीत असतो हे आधी विचारा. आणि टेबलाची पाळी: जळालेला किंवा अपघाताचा रुग्ण आला की तुमची तारीख मागे जाते. जायलाच हवी.

पांढरा_कोट
सरकारी-खासगी वादात उतरण्याआधी निदान. प्रत्यारोपण सगळ्यात जास्त वाया जातं ते चुकीच्या टकलावर केल्यामुळे.

चाई, म्हणजे अचानक पडणारे गुळगुळीत गोल चट्टे, हा प्रतिकारशक्तीचा आजार. तो जागा असताना बसवलेले केसही त्याच वाटेने जातात. लायकेन प्लॅनोपिलॅरिस आणि कपाळाकडून सरकत जाणारं फ्रंटल फायब्रोझिंग ॲलोपेशिया हे मुळं मारून टाकणारे आजार. वरवर पाहिलं तर 'हेअरलाइन मागे गेलीय' एवढंच दिसतं. ट्रायकोस्कोपखाली (टाळू मोठी करून दाखवणाऱ्या भिंगाखाली) मात्र केसाच्या बुडाशी पांढरट खपलीची कडी दिसते, लाली दिसते, आणि मधेमधे केसाचं छिद्रच नाहीसं झालेलं असतं. शंका असेल तर ४ मिमीच्या पंचने (गोल पात्याच्या नळीने) बायॉप्सी, म्हणजे कातडीचा नमुना, घ्यावी. असा आजार किमान एक-दोन वर्षं शांत राहिल्याशिवाय ग्राफ्ट लावू नयेत, आणि नंतरही तो परत उठू शकतो हे लेखी समजावून सांगावं.

पुरुषी टकलात ट्रायकोस्कोपखाली जाड-बारीक केसांची सरमिसळ दिसते. जाडीतला फरक २० टक्क्यांहून जास्त केसांत दिसला की निदान पक्कं धरतात. हीच सरमिसळ डोक्याच्या मागच्या भागातही दिसली तर हात आखडता घ्या. जिथून केस उचलायचे तीच जमीन नापीक होत चालली आहे. बायकांमध्ये हे जास्त आढळतं, म्हणून पसरट विरळपणा असलेल्या फार थोड्या स्त्रिया यासाठी योग्य ठरतात. त्यांच्यात आधी फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉईड, हिमोग्लोबिन बघा. बाळंतपण, टायफॉईड-डेंग्यूसारखा ताप किंवा झपाट्याने उतरलेलं वजन यानंतर दोन-तीन महिन्यांनी होणारी गळती आपोआप थांबते. तिच्यावर शस्त्रक्रिया म्हणजे सर्दीवर टाके.

उगाच_एक_शंका
औषधं घ्यायचीच नसतील तर? थेट प्रत्यारोपण केलं की प्रश्न मिटला ना?

पांढरा_कोट
नाही. मागून उचललेले केस नव्या जागीही आपला मूळ गुण ठेवतात. अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञ ऑरेंट्राइच यांनी १९५९ साली हे मांडलं आणि सगळं तंत्र त्यावर उभं आहे. पण आजूबाजूचे जुने केस तो गुण घेऊन आलेले नसतात. ते गळत राहतात. पंचविशीच्या आत पुढची ओळ भरली आणि औषध घेतलं नाही, तर काही वर्षांनी पुढे बसवलेली दाट पट्टी, तिच्यामागे रिकामं मैदान, असं चित्र होतं. झाकायला तेव्हा मागे ग्राफ्ट उरलेले असतीलच असं नाही.

पुरुषांत फिनास्टेराइडची गोळी रोज १ मिग्रॅ आणि टाळूला लावायचं मिनॉक्सिडिल ५ टक्के, दोन्ही किमान वर्षभर देऊन मग शस्त्रक्रियेचा आराखडा करावा. मिनॉक्सिडिल सुरू केल्यावर पहिल्या दीड-दोन महिन्यांत गळती वाढते; ती जुन्या केसांची रजा असते, घाबरून औषध बंद करू नये. फिनास्टेराइडने काही जणांत लैंगिक इच्छा कमी होते, मनःस्थिती उतरते. हे सुरुवातीलाच सांगायला हवं. प्रोस्टेटसाठी करतात त्या पीएसए या रक्ततपासणीचा आकडा त्याने साधारण निम्मा होतो, त्यामुळे प्रोस्टेटच्या डॉक्टरांना 'मी ही गोळी घेतो' हे सांगायला विसरू नका. गरोदर स्त्रीने फुटलेली गोळी हाताळू नये.

कानशील
आता जमाखर्च. डोक्याची मागची बाजू ही ठेव आहे आणि तिच्यावर व्याज मिळत नाही.

मागे दर चौरस सेंमीला साधारण ६५ ते ८५ गुच्छ असतात. एका गुच्छात एक ते चार केस, सरासरी दोनाच्या जरा वर. गुच्छ म्हणजेच ग्राफ्ट. सर्वसाधारण डोक्यातून आयुष्यभरात चार ते सहा हजार ग्राफ्ट निघतात, तेही घनता बरी असेल तर. ४० च्या खाली घनता असेल तर तो उमेदवार कच्चा.

खर्चाची बाजू: पुढचा तिसरा हिस्सा धरा ५० चौरस सेंमी. दर चौरस सेंमीला ३५ ग्राफ्ट लावले तर १७५०. मधला पट्टा ५० चौ. सेंमी, ३० च्या हिशेबाने १५००. भोवऱ्याची जागा ६०, तीही ३० ने, १८००. बेरीज ५०५०. म्हणजे मोठं टक्कल असलेल्या माणसाची जवळजवळ सगळी ठेव एका झटक्यात संपते. म्हणून शहाणा आराखडा पुढून भरत येतो आणि भोवरा शेवटी, उरलं तर. भोवरा हा खादाड भाग: केस गोल फिरतात, एकमेकांवर पडत नाहीत, त्यामुळे तितक्याच ग्राफ्टमध्ये तो पुढच्या भागापेक्षा विरळ दिसतो. शिवाय त्याच्याभोवतीचं वर्तुळ पुढे रुंदावत जातं आणि मधे केसांचं बेट उरतं.

मूळची घनता परत मिळत नाही. गरजही नसते, कारण निम्मे केस जाईपर्यंत विरळपणा डोळ्याला जाणवत नाही. 'शंभर टक्के घनता' असं जाहिरातीत दिसलं की पान उलटा.

उगाच_एक_शंका
एका ठिकाणी 'चार हजार' सांगतात, दुसरीकडे त्याच डोक्याला 'दोन हजार'. खरं कोण?

कानशील
दोघंही असू शकतात. एक केस मोजतोय, दुसरा ग्राफ्ट. दोन हजार ग्राफ्ट म्हणजे सुमारे चार हजार केस. कोटेशनवर एकक लिहून घ्या, आणि शस्त्रक्रियेनंतर एककेसी किती, दोनकेसी किती, तीन-चारकेसी किती हा तक्ता मागा. तो तक्ता देता येत नाही याचा अर्थ मोजलंच नाही. 'अमर्याद ग्राफ्ट एकाच दरात' हे तर सरळ धोक्याचं निशाण आहे. मागची जमीन अमर्याद नसते.

टाका
पद्धतीवर थोडं. पट्टी पद्धतीत, एफयूटी, मागून १ ते १.५ सेंमी रुंद आणि २०-३० सेंमी लांब कातडीची पट्टी काढतात, कडा शिवतात, पट्टीचे सूक्ष्मदर्शकाखाली तुकडे करून ग्राफ्ट सोडवतात. टाके १० ते १४ दिवसांनी काढतात. आडवी रेष कायमची राहते. केस अगदी बारीक ठेवणाऱ्याला ती दिसणार.

एफयूईत एकेक गुच्छ ०.८ ते १ मिमीच्या गोल पंचने सोडवून उपसतात. रेष नाही, पण शेकडो-हजारो पांढरे ठिपके राहतात. 'एफयूईत व्रण राहत नाही' हे धादांत खोटं आहे.

माझं मत विचाराल तर एफयूईची जी लाट आहे ती रुग्णाच्या हितापेक्षा यंत्र विकायला सोपं म्हणून जास्त. मोठं टक्कल, चांगली ढिली कातडी, केस लांब ठेवायची सवय: अशा माणसाला पट्टीने पहिल्या बैठकीत जास्त आणि जास्त धडधाकट ग्राफ्ट मिळतात.

चिमटा
टाका, अर्धं मान्य. पण मागच्या कातडीला ताण आला की ती रेष रुंदावते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या पट्टीला कातडी सैल राहिलेलीच नसते. मागची कातडी आधी हाताने वर-खाली सरकवून बघतात, ती कितपत हलते यावर पट्टीची रुंदी ठरते. हे न करता सरसकट दीड सेंमी घेणारे आहेत. शिवाय डोक्याच्या मागे वळ उठण्याची प्रवृत्ती, म्हणजे केलॉइड, असेल तर पट्टी नकोच.

एफयूईत बिघाड कुठे होतो ते सांगतो. केस कातडीबाहेर ज्या कोनात दिसतो त्याच कोनात तो आत गेलेला नसतो, आत तो वळतो. कुरळा असेल तर आणखी. पंच सरळ रेटला तर मूळ मधेच कापलं जातं. बाहेर काढल्यावर ग्राफ्ट बघा: पूर्ण ग्राफ्टच्या तळाशी पांढरा, फुगीर कंद, त्याभोवती चरबीचा पातळ, ओलसर थर आणि वर पारदर्शक बाही. कापलेल्याला तळ नसतो, काडीसारखं टोक असतं. दर शंभरात पाचाहून जास्त कापले जात असतील तर हात थांबवून पंचचा कोन, खोली किंवा आकार बदलायला हवा. पहिल्या २०-३० ग्राफ्टनंतरच हे मोजतात. दीड हजार झाल्यावर मोजून उपयोग काय.

दुसरा बिघाड एकाच पट्ट्यातून भराभर उचलण्याचा. एका बैठकीत दर चौ. सेंमीला १५-२० हून जास्त उचलले की मागची बाजू कसर लागलेल्या लोकरीसारखी दिसते. घाईत वरच्या आणि मानेजवळच्या भागातूनही उचलतात. तो भाग पुढे विरळ होणारा असतो, म्हणजे बसवलेले केसही काही वर्षांनी जातात.

टाका
कसर लागलेली लोकर, बरोबर. तेवढ्यावर तह.

चिमटा
तह मंजूर. आता ज्यावर कुणी जाहिरात करत नाही ती गोष्ट: ग्राफ्ट बाहेर असतानाचा वेळ. निघालेला ग्राफ्ट लगेच थंड सलाईनमध्ये, साधारण ४ अंशांवर. दोन तास बाहेर राहिलेल्यांपैकी सुमारे ९५ टक्के जगतात, सहा तासांनी ८६ च्या आसपास. म्हणजे अडीच हजार एकदम काढून जेवायला जाणारी टीम तुमचे काही शे ग्राफ्ट वाया घालवते. त्याहून वाईट म्हणजे कोरडं पडणं. दिव्याखाली, हातमोज्याच्या बोटावर रांगेत ठेवलेले ग्राफ्ट तीन-चार मिनिटांत चमक हरवून दोऱ्यासारखे दिसायला लागतात. ते मेले. पुन्हा ओले केले तरी मेलेच. बशीतली जाळी किंवा गॉज सतत ओली हवी, बोटावर एका वेळी थोडेच ग्राफ्ट.

चिमटा कंदावर कधीच नाही. कंदाखालच्या चरबीच्या शेपटीला धरायचं. ग्राफ्ट बसवायला सुईने पाडलेल्या भोकात तो जात नाही म्हणून दाबून कोंबला की कंद चेपतो, आणि शेजारचा वर उसळतो. उसळणं थांबवायला दाब नव्हे, रक्तस्राव आवरणं आणि भोकाचा आकार जुळवणं हा उपाय. एककेसीला २१ किंवा २० नंबरची सुई, दोनकेसीला १९, तीनकेसीला १८ (नंबर मोठा तितकी सुई बारीक). सगळ्यांना एकच सुई वापरली तर एककेसी खोल बुडतात आणि तिथे खड्डा किंवा पुटी होते.

कानशील
आणि ओळ आखताना: भुवयांच्या मधल्या बिंदूपासून ७ सेंमीच्या खाली कधीच नाही, बहुतेकांना ८ च्या आसपास. पहिल्या दोन-तीन रांगांत फक्त एककेसी, तेही थोडे वेडेवाकडे. दुकेसी पुढे आले की बाहुलीचं डोकं. कानशिलाजवळ केस कातडीला जवळजवळ चिकटून खाली जातो, पुढच्या मधोमध तो पुढे झुकतो. हे कोन भोकं पाडणाऱ्याच्या हातात असतात, ग्राफ्ट खोचणाऱ्याच्या नाही. म्हणून 'भोकं कोण पाडणार' हा प्रश्न 'ग्राफ्ट कोण खोचणार' पेक्षा मोठा.

खल्वाट
हाच विचारणार होतो. खासगीत डॉक्टर येऊन ओळ आखतात आणि बाकी सगळं तंत्रज्ञ करतात. हे चालतं का?

फाइलवाला
कायदा देशागणिक वेगळा, पण तत्त्व सरळ आहे: कातडी कापणं हे डॉक्टरचं काम. निदान, आराखडा, भूल, एफयूईचा पंच, पुढची भोकं, हे डॉक्टरने करायचं. सूक्ष्मदर्शकाखाली ग्राफ्ट साफ करणं आणि तयार भोकात ठेवणं प्रशिक्षित सहाय्यक करू शकतात. या शस्त्रक्रियेच्या डॉक्टरांची आंतरराष्ट्रीय संघटना, आयएसएचआरएस (स्थापना १९९३), गेली काही वर्षं बिनडॉक्टरी प्रत्यारोपणाविरुद्ध मोहीमच चालवते आहे. संमतिपत्रात 'पंच कोण, भोकं कोण' हे नावानिशी लिहून घ्या. 'आमची टीम' हे नाव नाही.

सुई_आणि_भूल
केस हा जीवघेणा विषय नाही, भूल आहे. ती जागच्या जागी देतात म्हणून लोक हलक्यात घेतात.

लिग्नोकेन या बधिर करणाऱ्या औषधाची मर्यादा: नुसतं असेल तर वजनाच्या दर किलोला ४.५ मिग्रॅ, ॲड्रिनॅलिनसह (रक्तवाहिन्या आकसवायला ते मिसळतात) ७ मिग्रॅ. ७० किलोचा माणूस, ॲड्रिनॅलिनसह: ४९० मिग्रॅ. दोन टक्क्यांच्या बाटलीत दर मिलीला २० मिग्रॅ असतात, म्हणजे २४ मिलीत मर्यादा गाठली. मागे, पुढे, पुन्हा दुपारी 'जरा दुखतंय' म्हणून: सहज ओलांडली जाते, विशेषतः प्रत्येक वेळी वेगळा माणूस सिरिंज भरत असेल तर. म्हणून फळ्यावर एकच नोंद, दर सुईनंतर बेरीज. सलाईन घालून पातळ केलं तर मिली वाढतात, मिग्रॅ तेवढेच राहतात. बुपिवॅकेन हे दुसरं बधिर करणारं औषधही देत असाल तर त्याची मर्यादा वेगळी, दर किलोला सुमारे २ मिग्रॅ, आणि दोन्हींचा भार एकत्र धरायचा.

जास्त झालं की आधी ओठाभोवती मुंग्या, तोंडात धातूची चव, कानात गुंई, बोलणं अडखळणं. त्यानंतर झटके. हे कुणी म्हणालं तर 'घाबरलायस' म्हणून गप्प करू नये. सुई थांबवा, ऑक्सिजन लावा. खोलीत २० टक्के लिपिड इमल्शन (यावरचा उतारा, शिरेतून द्यायचा चरबीचा द्रव) हवं, पहिली मात्रा किलोला १.५ मिली. ऑक्सिजन, सक्शन, शिरेत लावलेली सुई, पल्स ऑक्सिमीटर, डीफिब्रिलेटर: यादी मागा, दाखवायला सांगा. मॉलमधल्या खोलीत हे नसेल तर तिथून उठा.

रक्तदाबासाठी प्रोप्रॅनोलॉल घेणाऱ्याने ते आवर्जून सांगावं. ॲड्रिनॅलिनबरोबर दाब एकदम चढू शकतो. ॲस्पिरिन हृदयासाठी चालू असेल तर ते परस्पर बंद करायचं नाही, हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच. मासळीचं तेल, ई जीवनसत्त्व, लसणाच्या कॅप्सूल मात्र आठवडाभर आधी बंद. तपासण्या: रक्तगणना, साखर, रक्त गोठण्याचा वेळ, एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, आणि चाळिशीपुढे ईसीजी.

टाका
व्रणावरच्या प्रत्यारोपणाचं राहिलं. सरकारी रुग्णालयात येणारं मुख्य काम तेच. विषय सुरूच तिथून झाला: जपानमध्ये ओकुडा या डॉक्टरांनी १९३९ साली पंचने केस बसवले ते भाजलेल्यांच्या डोक्यावर आणि भुवयांवर.

व्रणात रक्तपुरवठा कमी. आधी बारीक सुई टोचून बघतात: टोचल्या जागी ठिपक्याएवढं ताजं लाल रक्त आलं तर ठीक, पांढरं राहिलं तर जमीन कोरडी. मग ३०-५० ग्राफ्ट चाचणी म्हणून लावून सहा-आठ महिने वाट बघायची. उगवले तर पहिल्या फेरीत दर चौ. सेंमीला १५ ते २५, जास्त नाही. हाडाला चिकटलेल्या पातळ व्रणात आधी चरबी भरून गादी तयार करतात, तीनेक महिन्यांनी ग्राफ्ट. भाजल्यानंतर व्रण पिकायला किमान सहा महिने ते वर्ष लागतं. लालसर, खाजणाऱ्या व्रणावर कुणी हात घालू नये.

आणि मोठ्या व्रणाला ग्राफ्ट हा पहिला उपाय नव्हेच. शेजारच्या केसाळ कातडीखाली सिलिकॉनचा फुगा, टिश्यू एक्सपांडर, बसवतात. जखम भरल्यावर, दोन-तीन आठवड्यांनी, आठवड्यागणिक सलाईन भरत जातात. दोन-तीन महिन्यांत कातडी ताणून तयार होते, मग व्रण कापून ती त्यावर ओढून घेतात. फुग्याचा तळ व्रणाच्या रुंदीच्या दुपटी-अडीचपट घेतात. निम्म्या टाळूपर्यंतचा व्रण असा झाकता येतो. तोटे: दोन शस्त्रक्रिया, मधले महिने डोक्यावर टेंगूळ घेऊन वावरणं, जंतुसंसर्ग झाला किंवा फुगा उघडा पडला तर तो काढावा लागतो. नवे केस उगवत नाहीत, आहेत तेच पसरतात. पण अशा रुग्णाने ग्राफ्टसाठी अर्ज करण्याऐवजी 'व्रणाची पुनर्रचना' म्हणून केला तर मंजुरीची वाटही सोपी होते, आणि उपायही तोच योग्य असतो. कडेची उरलेली रेष मग शे-दोनशे ग्राफ्टने मोडतात.

उगाच_एक_शंका
पीआरपी, म्हणजे स्वतःच्याच रक्तातला प्लेटलेटचा भाग टाळूत टोचणं? सगळीकडे पॅकेजमध्ये असतं.

पांढरा_कोट
असतं खरं. केस नुसते विरळ होत असताना थोडा फायदा दिसतो. प्रत्यारोपणानंतर ग्राफ्ट जगवण्यासाठी म्हणून घेण्याइतका पुरावा भक्कम नाही. वगळून कोटेशन मागा आणि फरक बघा.

चिमटा
नंतरचे दिवस थोडक्यात. पहिल्या दोन-तीन रात्री डोकं उंच ठेवून झोपा, उशा दोन-तीन. सलाईनचा फवारा दर काही तासांनी. दुसऱ्या ते पाचव्या दिवसात सूज कपाळावरून पापण्यांपर्यंत उतरते, डोळे मिचमिचे होतात. औषधाचं पाणी खाली सरकतंय, घाबरायचं कारण नाही. मात्र मधोमध कातडी काळी-जांभळी पडली, गार लागली तर त्याच दिवशी डॉक्टर: रक्तपुरवठा तुटतोय. दाट खोचण्याचा हव्यास, जास्त ॲड्रिनॅलिन आणि सिगारेट ही त्याची नेहमीची कारणं. सिगारेट आधी दोन आठवडे, नंतर दोन आठवडे बंद.

धुणं: तिसऱ्या दिवसापासून शाम्पूचा फेस तळहाताने नुसता ठेवायचा, पाणी मगाने, शॉवरची धार नाही. खपली नखाने काढली तर नवव्या दिवसापर्यंत ग्राफ्ट सोबत येऊ शकतो. दहाव्या दिवशी ओली करून बोटाच्या पेराने गोल फिरवत सोडवायची. पंधरा दिवस उलटूनही खपली राहू देणं हीसुद्धा चूक. खाली पू साठतो.

दोन ते चार आठवड्यांत बसवलेले केस गळतात. मूळ आत असतं, काडी पडते. याच काळात जुने केसही धक्क्याने गळतात आणि आरसा पहिल्यापेक्षा वाईट दिसतो. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बारीक केस फुटतात, सोबत पुटकुळ्या येतात, गरम शेक पुरतो. सहाव्या महिन्यात निम्मं चित्र, बाराव्यात पूर्ण, भोवऱ्याला दीड वर्ष.

फाइलवाला
म्हणून तक्रारही बारा महिन्यांच्या आत टिकत नाही. तोवर एकाच दिव्याखाली, एकाच अंतरावरून, कोरड्या केसांचे दर महिन्याला पुढून, वरून, मागून फोटो ठेवा. डिस्चार्जच्या वेळी घ्यायचे कागद: ग्राफ्टचा तक्ता, पंचचा आकार, भुलीची एकूण मात्रा, कुठून किती उचलले त्याचा नकाशा. पुढचा डॉक्टर पहिल्यांदा हाच नकाशा मागतो. 'आजीवन हमी' लिहिलेली असेल तर ती कशाची ते वाचा. बहुतेक वेळा फुकट दुसऱ्या बैठकीची असते, आणि ती बैठक तुमच्याच मागच्या केसांतून होते.

खल्वाट
शेवटचं: हेल्मेट आणि कलप?

चिमटा
हेल्मेट दहा-बारा दिवसांनी, सैल, आणि वरून सरळ उतरवून. पुढून घासत उतरवू नये. पट्टीचे टाके असतील तर टाके निघेपर्यंत नाही. कलप महिनाभराने, तोही खपली-पुटकुळी काही नसेल तरच.